ओली पत्ती

पोरांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही अकरा वर्षांचे आहात. सकाळची वेळ आहे. देवळाच्या नगारखान्यावर तुम्ही मांडी घालून बसला आहात आणि खालचा दगड अजून गार आहे. समोर एक म्हातारा बसलाय. त्याच्या ओठांत सनईची पत्ती आहे. करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी, सुक्या गवताचे दोन पापुद्रे एकावर एक बांधलेली. कोरडी पत्ती वाजत नाही. ती ओली व्हावी लागते, आणि त्यासाठी कुणीतरी तिला तोंडात धरून बसावं लागतं. म्हातारा धरून बसलाय. मग तो ती ओठांतून काढतो आणि तुमच्या तळहातावर ठेवतो. तुम्ही ती कपाळाला लावता आणि तोंडात घालता.

कशी लागली?

गवतासारखी? तंबाखूसारखी? वैजूला विचारलं असतं तर तिनं वेगळंच सांगितलं असतं. न विचारताच सांगितलं होतं तिनं.

उघडा आता डोळे. तो म्हातारा मीच. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो, म्हणजे तुमच्या लेखी म्हाताराच.

"आबा, पत्तीला रगताचा वास येतोय," वैजू म्हणाली.

"मशेरीचा असंल. वाजव."

"मशेरीचा मला ठावं हाय. ह्यो निराळा हाय."

"सूर लावायचाय का वास घेत बसायचंय? सा धर."

तिनं पत्ती सनईला लावली आणि सा धरला. खाली देवळात घंटा वाजत होती. घंटेच्या आवाजाच्या वर तिचा सूर सरळ निघाला, न हलता, न चिरता. मी खूश झालो आणि रक्ताचं विसरलो. खरं सांगायचं तर विसरायचं ठरवलं.

वैजू ही बंडाची मुलगी. मी सनई वाजवायचो तेव्हा बंडा शेजारी बसून सुरसनईवर सूर धरायचा, म्हणजे एकच स्वर अखंड वाजवत ठेवायचा. वीस वर्षं आम्ही दोघं वारणाकाठच्या त्या देवीपुढं वाजवत होतो. त्याच्या पोरीला शिकवायला घेतलं तेव्हा गावात कुरबुर झाली. मुलीच्या जातीनं सनई फुंकायची? पण ती नगारखान्याच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढून आली होती. आणि खंडेनवमीला, हत्यारं-वाद्यं पुजतात त्या दिवशी, तिनं पहिल्यांदा देवीपुढं वाजवायचं असं ठरलंही होतं.

आमच्याकडं एक रीत होती. लहान पोराच्या हातात कोरडी पत्ती दिली की ते ती चावून टाकतं. म्हणून गुरूनं आपल्या तोंडात ओली करायची आणि मग द्यायची. मला माझ्या चुलत्यानं तशीच दिली होती, त्याला त्याच्या बापानं. सोयीची गोष्ट होती, पुढं ती पूजेची झाली. देवीपुढं पहिल्यांदा वाजवणाऱ्याला चारचौघांत गुरूची ओली पत्ती मिळायची, आणि ती मिळाली की तो वाजंत्री झाला. कुणी पत्ती पाण्यात भिजवली तर तिला 'बिनगुरूची' म्हणायचे. ती शिवीच होती.

आता माझ्या तोंडाबद्दल. तरुणपणापासून मी दातांना मशेरी लावायचो, सकाळ-संध्याकाळ. हिरड्या सुजल्या की जास्त लावायची, मग ठणका थांबायचा. वरचे पुढचे चार दात हलत होते. दातांवर पिवळं-काळं किटण चढलं होतं. भाकरी मी दुधात कुस्करून खायचो, पण सनई वाजायची. वरचा ओठ त्या दातांच्या आधारानं पत्तीवर बसतो. दात गेले तर ओठ आत जाणार आणि सूर पळणार. म्हणून त्या चार दातांना मी जीव लावला होता.

आदल्या वर्षी माझं पोट बिघडलं होतं. छातीखाली सारखी आग, रात्रंदिवस मळमळ, एकदा तर काळी उलटी. बंडानंच मला मिरजेला नेलं. तिथल्या मुल्लाबाई डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घातली.

"काका, जठरात जखम आहे," त्या म्हणाल्या. "एका जंतूनं केलीय. चौदा दिवसांच्या गोळ्या देते, एकही चुकवायची नाही. आणि आता आ करा."

"दुखतंय पोट, बाई. तोंड कशाला बघताय?"

"पोटाला दुसरीकडून रस्ता आहे का?"

मी आ केला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग खुर्ची मागं सरकवून बसल्या.

"हा थर साचलाय ना दातांवर, त्यात हाच जंतू दडून राहतो असं आता आढळायला लागलंय. पोटातला गोळ्यांनी मरेल. वरचा राहिला तर गिळता गिळता परत खाली उतरेल. दातांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. तोंड साफ करून घ्या आणि मशेरी बंद. घरात तुमचं उष्टं कुणी खात नाही ना?"

"न्हाई, बाई. उष्टं आमच्यात कुणीच खात न्हाई."

हे मी खोटं बोललो नव्हतो. आमच्या घरात एका ताटात दोघं कधी जेवले नाहीत. तांब्यातलं पाणीसुद्धा आम्ही वरूनच तोंडात ओततो.

चिठ्ठी घेऊन मी दातांच्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, हिरड्या आत पिकल्यात, हे चार दात काढावे लागतील. मी म्हटलं, परवा येतो. तो परवा उजाडलाच नाही. गोळ्या मात्र चौदा दिवस नेमानं घेतल्या आणि पोट शांत झालं. बंडाला सांगितलं, बरा झालो. चिठ्ठी घडी करून सनईच्या पेटीत, पत्त्यांच्या डबीखाली ठेवून दिली.

एकदा ती वैजूच्या हाताला लागली. "आबा, ह्यो कशाचा कागद?"

"लग्नाची सुपारी हाय. ठेव तिथंच."

आठ महिन्यांत आग परत सुरू झाली. मी कुणाला बोललो नाही. श्रावण लागला आणि वैजूच्या पोटात कळा यायला लागल्या.

आधी सगळे हसण्यावारी नेत होते. चिंचा खाल्ल्या असतील, जंत झाले असतील. तिच्या आईनं ओवा दिला, वावडिंग दिलं. पोरगी सकाळी नगारखान्यावर यायची, सा धरायची आणि मध्येच पोट दाबून वाकायची. अर्धी भाकरी खाल्ली की ओकायची. गालांची हाडं वर आली.

"दुखतंय तर आज ऱ्हाऊ दे," मी म्हणायचो.

"खंडेनवमीला किती दिस ऱ्हायलं?"

"अजून दोन म्हयनं हाईत."

"मग ऱ्हाऊ कसं द्यायचं?" असं म्हणून ती हात पुढं करायची. आणि मी माझ्या तोंडातली पत्ती तिच्या हातावर ठेवायचो.

एके दिवशी ती पायरीवरच बसली आणि उठेना. बंडानं तिला उचलून घरी नेलं. मी मागोमाग गेलो. दारात चार बाया जमल्या होत्या.

"पोरीच्या जातीला सोसतंय व्हय ते?" एक म्हणाली. "फुंकून फुंकून आतडी वर आली असतील."

"देवीलाच नको असंल," दुसरी म्हणाली.

बंडानं वैजूची सनई उचलली, स्टुलावर चढला आणि ती आढ्याला टांगली. पोरगी भिंतीकडं तोंड करून झोपली होती. तिनं वळूनही पाहिलं नाही, पण दोरीचा आवाज ऐकून तिची पाठ हलली ती मी पाहिली.

"बंडा, हे काय करतोयस?"

"बंद, दादा. आजपास्नं सनई बंद. माझी पोरगी जगू दे."

"सनईनं कुणाचं पोट दुखत न्हाई."

"मग कशानं दुखतंय? तुमाला ठावं हाय?"

माझ्या घशाशी आग आली. मी म्हणालो, "उद्या हिला मिरजेला नेऊ, मुल्लाबाईंकडं. मीबी येतो."

बंडा माझ्याकडं बघत राहिला. "तुमी कशाला?"

"येतो म्हनलं ना."

घरी येऊन मी पेटी उघडली आणि चिठ्ठी काढली. फाडावी असं मनात आलं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. मग ती घडी करून खिशात घातली. डबीतून रोजच्या वापरातली पत्ती घेतली आणि तीही खिशात घातली. कशासाठी, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं आणि मी स्वतःशीही बोलत नव्हतो.

डॉक्टरांच्या खोलीत वैजू मधल्या खुर्चीवर बसली. एका बाजूला बंडा, दुसऱ्या बाजूला मी. मुल्लाबाईंनी तिचं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, जीभ पाहिली.

"किती दिवस दुखतंय, बाळ?"

"श्रावण लागल्यापास्नं."

"कधी जास्त दुखतं? जेवल्यावर की उपाशी?"

"सकाळी. सा धरताना."

बंडानं माझ्याकडं रोखून पाहिलं.

"विहिरीचं पाणी पिता की नळाचं?"

"नळाचं."

"घरात कुणाला असा पोटाचा त्रास आहे?"

"न्हाई," बंडा म्हणाला. "दादांना हुता, पर ते बरं झाल्यात. आनि ते आमच्या घरात न्हाईत."

"तू कुणाचं उष्टं खातेस का?"

"शी!" वैजू म्हणाली. "आमच्यात उष्टं कुनी खात न्हाई."

माझंच वाक्य होतं ते, त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर. आणि पोरगीही खोटं बोलत नव्हती. आम्हा कुणाच्या डोक्यात ते उष्टं नव्हतंच. गुरूच्या तोंडातलं उष्टं असतं होय?

बाई लिहायला लागल्या. मी खिशात हात घातला आणि पत्ती त्यांच्या टेबलावर, कागदावर ठेवली.

"बाई," मी विचारलं, "हे उष्टं हाय का?"

त्यांना कळेना. "काय आहे हे?"

"सनईची पत्ती. रोज सकाळी मी तोंडात ओली करतो. मग ही पोरगी तोंडात धरती. दीड वर्स झालं." मग मी चिठ्ठीही काढून ठेवली. "आनि ह्यो तुमचा कागद. मी दात काढलं न्हाईत. माझं पोट परत दुखतंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काका," त्या हळू म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"व्हय, विचारलं हुतंसा."

दोन दिवसांनी वैजूच्या तपासणीचा निकाल आला. तोच जंतू. बाईंनी बंडाला समजावून सांगितलं. "यांच्याकडूनच गेला असं मी शपथेवर सांगणार नाही. पाण्यातून जातो, घरातल्या कुणाकडूनही जातो. पण ज्यांच्या हिरड्यांतून रक्त येतंय आणि पोटात जंतू आहे, त्यांची पत्ती पोरीच्या तोंडात जात होती. ती थांबलीच पाहिजे. सनईनं काही झालेलं नाही. सनई खुशाल वाजवू दे."

परतीच्या एसटीत वैजू खिडकीशी बसली. एरवी ती माझ्याशेजारी बसून माझ्या मांडीवर बोटांनी सूर वाजवायची. मी बंडाच्या मागच्या बाकावर बसलो. उतरताना बंडा म्हणाला, "दादा, माझ्या पोरीच्या तोंडात तुमी..." पिशवी काखेत मारून तो निघून गेला. वैजूनं एकदा मागं वळून पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं.

त्यानंतर आठवड्याभरानं मी चारही दात काढून घेतले. डॉक्टरांनी राहिलेले दात खरवडून साफ केले, हिरड्या धुतल्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मशेरीचा डबा मी गटारात ओतला. जखमा भरल्यावर एका दुपारी दार लावून सनई ओठांना लावली. वरचा ओठ आत पडला, पत्तीला आधारच मिळेना. नुसती हवा गेली, पंक्चर झालेल्या सायकलच्या चाकातून जावी तशी. दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली. मग पुसून पेटीत ठेवली. पुढच्या वर्षी कवळी बसवली, पण ओठ काही पहिल्यासारखा बसला नाही.

नगारखान्यावर वैजू आली नाही. बंडा रस्ता बदलून जायचा. लोकांकडून कळत होतं, गोळ्या चालू आहेत, पोरगी जेवायला लागलीय, ओकत नाही. एकदा त्यांच्या घरावरून जाताना मी कान दिला. आतून सनईचा आवाज नव्हता. आढ्यावरून खाली उतरवली होती की नाही, कोण जाणे.

खंडेनवमी आली. मी जाणार नव्हतो. पण देवीपुढं पूजेला वाद्यं मांडायचा मान आमच्या घराचा, सनई तरी पोचवायला हवी. तोंडावर उपरणं धरून गेलो. झेंडूच्या माळा घातलेली वाद्यं ओळीनं मांडली होती. नगारा, झांजा, बंडाची सुरसनई. आणि तिच्याशेजारी वैजूची सनई.

बंडा खाली मान घालून बसला होता. वैजू त्याच्यामागं, दोन वेण्या घातलेली, गाल थोडे भरलेले. तिच्या पुढ्यात झाकण ठेवलेली एक पितळी वाटी होती. मला वाटलं तीर्थ असेल.

थोरले पुजारी म्हादूतात्या यांनी आरती आटपली आणि ते गर्दीकडं वळले. "बंडाच्या पोरीचा आज पयला मान. जोतीराम, ये पुढं. पत्ती दे."

मी जागचा हललो नाही. "तात्या, माझी पत्ती पोरीनं घ्यायची न्हाई."

"म्हंजे? तू शिकवलेल्या पोरीला तूच नाकारतोस?"

"पोरीला न्हाई. पत्तीला."

"मग काय बिनगुरूची वाजवायची तिनं? ह्या देवीपुढं आजवर असं झालेलं न्हाई. पत्ती न्हाई तर वाजवनं न्हाई."

बाया कुजबुजायला लागल्या. "मी म्हनलं नव्हतं, देवीलाच नको हाय," मागून ओळखीचा आवाज आला. वैजू तशीच बसून होती. तिची बोटं परकराच्या काठावर चालत होती, सनईच्या भोकांवर चालावीत तशी. ते पाहिलं आणि मी तोंडावरचं उपरणं काढलं.

"सगळ्यांनी बघा," मी म्हणालो आणि आ केला. पुढच्या लोकांनी तोंड फिरवलं. "माझं तोंड सडलं हुतं. डॉक्टरनं वर्साआधी सांगितलं हुतं. सनई सुटंल म्हनून मी लपवलं. पोटातला रोग तोंडात ठिवला आनि रोज सकाळी पत्तीला लावून ह्या पोरीला दिला. पोरगी सनईनं आजारी पडली न्हाई. देवीनं केलं न्हाई. माझ्या पत्तीचा दोष हाय. हिला वाजवू द्या. माझं नाव घ्यायचं नसंल तर घेऊ नका."

म्हादूतात्यांनी हातातली घंटा खाली ठेवली. बंडानं पहिल्यांदाच मान वर केली आणि माझ्या बोळक्या तोंडाकडं पाहिलं. मग त्यानं आपली सुरसनई उचलली, ओठांना लावली आणि सूर धरला. तो एकच स्वर देवळात भरून राहिला, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

वैजू उठली. तिनं वाटीवरचं झाकण काढलं. आत पाणी होतं आणि पाण्यात एक नवी कोरी पत्ती भिजत होती. वाटी दोन्ही हातांत धरून ती माझ्यासमोर आली.

"आबा, हात धुतल्यात न्हवं?"

मागं कुणीतरी फसकन हसलं.

"धुतल्यात."

"दाखवा."

मी दोन्ही हात पुढं केले. तिनं ते उलटेपालटे करून पाहिले, नखंही पाहिली. मग वाटीतली पत्ती काढून माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली आणि वरून आपला हात ठेवून तशीच उभी राहिली, एक लांब सा धरायला लागतो तेवढा वेळ. नंतर माझी मूठ उघडून तिनं पत्ती घेतली, कपाळाला लावली, पुन्हा एकदा वाटीतल्या पाण्यात बुचकळली आणि सनईवर बसवली. मग देवीला नमस्कार केला, बापाशेजारी मांडी घालून बसली, माझ्याकडं बघितलं आणि सा धरला.